शिक्का

आल्तामुरात पूर्वी प्रत्येक घराचा एक लाकडी शिक्का असे.
बायका कणीक घरी मळत, गोळा फळीवर ठेवून गावभट्टीत पाठवत,
आणि भाजण्याआधी त्यावर उठे त्या घराचं अक्षर,
कुणाचा पाव कुणाच्या टेबलावर जायला नको म्हणून.
आमच्या शिक्क्यावर कोंबडा, आणि खाली एक वाकडा एफ.
फिलोमेना. माझी आई.

तो आता माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे,
भेगेत अजून तिच्या वेळचं पीठ.
आठ महिने मी त्याला हात लावलेला नाही.

आठ महिन्यांपूर्वी पाव सोडला. पास्ता सोडला.
सावेरिओच्या बेकरीत मागच्या दाराने जाणं सोडलं,
तिथे पीठ हवेतच असतं.
एका दुपारी जिना चढून आले आणि मध्ये कुठे बसले नाही
हे माझ्या लक्षात आलं ते चौथ्या मजल्यावर, किल्ली शोधताना.

मग डॉक्टर लाटेर्त्सा म्हणाल्या,
नक्की करायचं तर परत खावं लागेल.
रोज दोन काप, सहा आठवडे.
आतडं पुन्हा बिघडलं तरच ते कागदावर दिसेल.
म्हटलं, म्हणजे चोर पकडायला
त्यालाच किल्ली देऊन घरात ठेवायचा?
त्या हसल्या नाहीत. हो, म्हणाल्या, साधारण तसंच.

सावेरिओ म्हणतो, बरं वाटतंय ना? मग कशाला?
त्याच्या बोलण्यात दुकान असतं, मला ऐकू येतं:
तीन पिढ्या पाववाले,
आणि बायकोला गहू चालत नाही याचा सरकारी कागद.
नणंद ओर्सोला म्हणते, हल्ली फॅशनच आहे.
कागद असता तर रविवारी तिच्या ताटाशेजारी ठेवला असता,
काट्याच्या डावीकडे, घडी न घालता.
शिवाय कागदावर महिन्याला पैसेही मिळतात
त्या भुसभुशीत मक्याच्या पावासाठी.
तेही मी हिशेबात धरते, खोटं कशाला बोलू?

दुखण्याला नाव नसलं की लोक माणसालाच नावं ठेवतात.
आईला ठेवली. नाजूक. कटकटी. मनाचे खेळ.
खाल्लेलं तिच्या अंगी लागत नसे.
जेवण झालं की ती न्हाणीघराचं दार लावून
नळ सोडून बसे, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
सगळं पोटात ठेवलं तिनं.
बावन्नाव्या वर्षी गेली तेव्हा लग्नाची अंगठी बोटात राहावी
म्हणून आतून दोरा गुंडाळलेला होता, निळा,
माझ्या शाळेच्या एप्रनचा.

सहा आठवडे.
कॅलेंडरवर बोट फिरवते. इथे भाचीचं लग्न, इथे ईस्टर,
इथे दुकानातली गर्दी.
आजारी पडायला जागाच सापडत नाही.

परवा ग्रात्सिया दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली.
पेन्सिलची नवी रेघ मागच्या वर्षीच्या रेघेवरच बसली.
तुझा हात हलला, म्हणाली. पुन्हा काढ.
पुन्हा काढली.

तिची तपासणी लगेच होईल, डॉक्टर म्हणाल्या,
तिनं अजून काही सोडलेलं नाही, तिचं रक्त खरं बोलेल.
मंगळवारी सकाळी जायचंय.
फॉर्म मी आजच भरायला घेतला.
'आईला हा आजार आहे का?'
त्यापुढे दोन चौकोन, हो आणि नाही.
बरं वाटतंय, यासाठी चौकोन नाही.

रात्री सावेरिओनं काही न बोलता पाव आणला.
कालचा. मला शिळा आवडायचा, ते विसरला नाही.
सुरी दोनदा पुसून माझ्याकडे मूठ करून ठेवली.

मी दोन काप कापले. कडा अजून तशीच करकरते.
ग्रात्सिया टेबलापलीकडून बघते आहे.
तू खाणारेस?
म्हटलं, थांब, आधी पाणी आण.